शिबिराला जाऊन नोकरी लागते का?

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, गावाहून रोज २२ किलोमीटर एसटीनं येणं-जाणं. यंदा रासेयोत, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, नाव नोंदवलंस आणि जानेवारीत सात दिवसांचं निवासी शिबिर आहे. बाबा म्हणतात, "लोकाच्या गावात सात दिवस खराटा मारून कोणाले नोकरी लागली? अभ्यास कर, नाही तर घरी कापसाच्या वेचणीले हातभार लाव." मैत्रीण म्हणते, सर्टिफिकेट असलं की पुढं कुठंही कामाला येतं. यात खरं कोणाचं, असं तू विचारलं आहेस.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २३ वर्षं रसायनशास्त्र शिकवते. त्यातली सात वर्षं रासेयोची कार्यक्रम अधिकारी होते. गेली पाच वर्षं मुलांना मुलाखतींसाठी तयार करण्याचं काम माझ्याकडे आहे. मुलं शिबिरात काय करतात तेही पाहिलं आणि तीच मुलं पुढे नोकरी मागायला जातात तेव्हा काय होतं तेही पाहिलं. माझं मत असं की बाबांचा प्रश्न रास्त आहे, मैत्रिणीचं उत्तर चुकीचं आहे, आणि तरीही तू शिबिराला जावंस.

आधी सर्टिफिकेटचं बोलू, कारण तिथेच सगळ्यांचा घोळ होतो. तुला तलाठी व्हायचं असेल, पोलिसात जायचं असेल किंवा बँकेत लिपिक व्हायचं असेल, तर रासेयोचं प्रमाणपत्र तिथे जवळजवळ काहीच करत नाही. तलाठ्याची निवड लेखी परीक्षेच्या गुणांवर, पोलीस शिपायाची मैदानी आणि लेखीवर. केंद्र सरकारनं तर गट 'क' आणि गट 'ब'मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखतीच १ जानेवारी २०१६ पासून बंद केल्या. मुलाखतच नाही, तिथे तुझं शिबिर विचारणार कोण? अशा परीक्षेच्या तयारीत तू आत्ता पूर्ण बुडालेली असशील, तर बाबांचं म्हणणं बरचसं बरोबर आहे, असं मी त्यांना स्वतः सांगेन.

थेट फायद्याच्या दोन वाटा मात्र आहेत, पण त्या रासेयोच्या नाहीत, एनसीसी आणि खेळाच्या आहेत. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत मिळालं आणि पदवीला ५० टक्के असले, तर सैन्याच्या एनसीसी विशेष प्रवेशाला अर्ज करता येतो. अर्ज निवडला गेला की लेखी परीक्षा न देता सरळ एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची, मुलाखत. हे मुलींनाही खुलं आहे. आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी स्पर्धा कोणत्या पातळीची, क्रमांक कितवा हे सगळं क्रीडा खात्याकडून तपासून घ्यावं लागतं. आंतरमहाविद्यालयीन सामन्यात खेळल्याचा नुसता कागद तिथे चालत नाही. याशिवाय नव्या शैक्षणिक धोरणात रासेयो, एनसीसी, क्रीडा, सांस्कृतिक यांना सहशालेय विषय म्हणून श्रेयांक आहेत. तुझ्या अभ्यासक्रमात ते कसे बसवलेत हे कॉलेजच्या कार्यालयात विचारून घे. श्रेयांकांनी गुणपत्रिका पूर्ण होते, नोकरी लागत नाही.

आता बाकीच्या नोकऱ्या. आपल्या भागातली बहुतेक मुलं शेवटी लागतात ती इथेच: खाजगी दवाखाना, जिनिंग, शेतकरी उत्पादक कंपनी, पतसंस्था, बचत गटांची कामं, खतं-औषधांच्या कंपन्यांचे फिरतीचे प्रतिनिधी, पाणी-माती तपासणाऱ्या प्रयोगशाळा, पुण्या-नागपुरातले कारखाने. इथे मुलाखत असते आणि तिथेच आपली पोरं अडतात. "स्वतःबद्दल सांग" म्हटलं की नाव, गाव, वडील शेती करतात, एवढं होतं आणि पुढे शांतता.

ही मुलं कमी नाहीत. घरचे पीककर्जाचे कागद तीच भरतात, वडिलांचा पीकविम्याचा फॉर्म मोबाइलवरून तीच टाकतात. त्यांच्या वाट्याला काही गोष्टी आलेल्याच नसतात. अनोळखी मोठ्या माणसाशी आपणहून बोलायला कधी लागलेलं नसतं. दुसऱ्याचे पैसे सांभाळून त्यांचा हिशोब द्यावा लागलेला नसतो. आपल्याच वयाच्या मुलाला "तुझं काम राहिलं, ते आज झालं पाहिजे" असं सांगून नंतर मैत्री टिकवायची वेळ आलेली नसते. माझ्या प्रयोगशाळेतही हे होत नाही. तिथे प्रयोगाचं उत्तर मला आधीच माहीत असतं आणि चुकलं तर मी सावरून घेते.

चार-पाच वर्षांपूर्वीचं एक शिबिर सांगते. पन्नास मुलं, सात दिवस, दोन वेळचं जेवण. किराण्याचा हिशोब बी.ए.च्या एका मुलीकडे दिला होता. लांब आडवी वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, पावत्या मागे टाचणीनं टोचलेल्या. चौथ्या रात्री रोख ८५ रुपयांनी कमी भरली. साडेदहा वाजले होते, जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात सतरंज्या अंथरून मुली आडव्या झाल्या होत्या. मी म्हटलं, "८५ रुपये मी घालते, झोप आता." ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही घातले तर वहीत काय लिहू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. टॉर्चच्या उजेडात बसून तिनं सकाळपासूनचा दिवस पुन्हा काढला: दूध, भाजी, तेल, मिरची, दळण. दळणावर थांबली. चक्कीवाल्यानं पावती दिलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी ती चक्कीवर गेली, स्वतः हातपावती लिहिली, तारीख टाकली आणि त्याची सही घेऊन आली. त्या दिवसापासून चिठ्ठीशिवाय डब्यातून पैसा निघेना. माझ्यासाठीसुद्धा नाही.

दोन वर्षांनी ती एका शेतकरी उत्पादक कंपनीत मुलाखतीला गेली. समोर संचालक मंडळातले दोन शेतकरी आणि एक व्यवस्थापक. टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, येतं का, विचारलं. थोडंच येत होतं, तसं तिनं सांगितलं. मग हिशोब कधी सांभाळलाय का, विचारलं तेव्हा तिनं ही ८५ रुपयांची गोष्ट सांगितली. संचालकांपैकी एक म्हणाले, "टॅली काय, शिकून घेशीन पोरी." आज तिथली तूर-सोयाबीन खरेदीची सगळी वही तिच्या हातात आहे. रासेयोचं प्रमाणपत्र तिनं फाइलमध्ये नेलं होतं. कोणी मागितलं नाही.

दुसरा मुलगा नेमका याच्या उलट. हुशार, उत्साही. तीन वर्षांत रासेयो, युवा महोत्सव, वक्तृत्व, पथनाट्य, रक्तदान, वृक्षारोपण, सगळीकडे होता. फाइलमध्ये १९ प्रमाणपत्रं. मी सराव मुलाखत घेतली आणि विचारलं, यातल्या एका कामाबद्दल पाच मिनिटं बोल. तो दीड मिनिटात संपला. प्रत्येक ठिकाणी तो होता, पण त्याच्यावाचून कुठलंच काम अडलं नसतं. दोष त्याचा एकट्याचा नाही, आम्हीच त्याला प्रत्येक फोटोत उभं केलं. पण मुलाखतीत फटका त्याला बसला.

म्हणून उपक्रम निवडताना एकच प्रश्न विचारत जा: मी आले नाही तर काय अडेल? उत्तर "काहीच नाही" असेल तर तो दिवस अभ्यासाला दे, मी तुला दोष देणार नाही.

तुझ्या शिबिराची लायकीही यावरूनच ठरेल. शिबिरं सगळीच चांगली नसतात. सात दिवसांत सत्कार, पाहुण्यांची भाषणं, प्रभातफेरी आणि शेवटच्या दिवशी फोटो, असंही चालतं. शिबिराला फिरकलाही नाही अशा मुलाच्या हातात प्रमाणपत्र ठेवल्याचं मी एका कॉलेजात पाहिलं आहे. जानेवारीत वनराई बंधारा बांधणारी शिबिरंही पाहिली आहेत. आपल्याकडचे बहुतेक नाले तोवर आटलेले असतात. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-मुरूम भरून घालायचा तो बंधारा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, नाल्याला धार असताना घातला तर गुरांना पाणी मिळतं, आजूबाजूच्या विहिरींना ओल पोचते. कोरड्या नाल्यातल्या बंधाऱ्यातून गावाला काही मिळत नाही आणि मुलं शिकतात ते एवढंच की काम दाखवण्यापुरतं करायचं असतं. ही सवय पुढे नोकरीत फार महाग पडते.

आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचे आणि रात्री कीर्तन करायचे. बाबांनी खराट्याचा उल्लेख केला म्हणून हे आठवलं. दिवसभर गावानं त्यांना झाडताना पाहिलेलं असायचं, म्हणून रात्री त्यांचं बोलणं लोकांना पटायचं. रासेयो २४ सप्टेंबर १९६९ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली, तेव्हाही डोळ्यापुढे सेवाच होती, नोकरी नव्हती. माझा अनुभव असा की गावाला ज्या कामाचा खरंच उपयोग झाला, त्याच कामानं मुलांना काही शिकवलं. दिखाऊ काम करून घडलेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही.

एका शिबिरात आम्ही घरोघरी पाहणी केली. फॉर्मवर प्रश्न होता: घरी शौचालय आहे का? दोन दिवसांत फॉर्म भरून आले आणि जवळजवळ सगळीकडे "आहे". तिसऱ्या दिवशी एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आहे तर आहे, पण त्यात पऱ्हाट्या भरून ठेवल्या आहेत." पऱ्हाट्या म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, सरपणाची. त्यानं दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावलं होतं. मग आम्ही विचारण्याची पद्धतच बदलली. आधी ओसरीवर बसायचं, पाणी प्यायचं, शेतीचं बोलायचं, मग सहज विचारायचं की पावसाळ्यात सरपण कुठं ठेवता. खरी माहिती तिथून यायला लागली. गावाला लागून तांडा होता आणि तिथल्या म्हाताऱ्या बाया गोरमाटीतच, म्हणजे बंजारा बोलीतच, बोलत. आमच्यातला एक बंजारा मुलगा वर्गात तोंड उघडत नसे. त्या दोन दिवसांत तांड्यावरचं एकही घर त्याच्याशिवाय झालं नाही. पुढे तो एका बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर लागला, तेव्हा मुलाखतीत त्यानं आपली बोली लपवली नाही, उलट तीच पुढे केली. तूही वऱ्हाडी बोलतेस म्हणून संकोचू नको. आपल्या भागात बसून लोकांशी काम करणाऱ्याला वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी, कोलामी यातली एक येत असेल तर ती त्याची जमेची बाजू आहे.

तुझ्यासाठी माझ्या डोक्यात एक नेमकं काम आहे. तू विज्ञानाची आहेस. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः पांढरकवडा-झरी भागात, विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचा त्रास जुना आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५पर्यंत चालवून घेतात. तुमचं शिबिर ज्या गावात आहे तिथल्या प्रत्येक हातपंपाचा आणि विहिरीचा नमुना घ्या, असं कार्यक्रम अधिकाऱ्यांना सुचव. जलजीवन मिशनखाली गावातल्या महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण आणि संच दिले जातात. गावात अशी बाई असेल तर तिला बरोबर घ्या, ती तुमच्याहून जास्त जाणते. संशय येईल तो नमुना सरकारी प्रयोगशाळेत पाठवा.

हे काम दिसतं सोपं, पण गडबड होते ती चिठ्ठीत. बाटलीवर फक्त "हातपंप" लिहिलं आणि गावात हातपंप नऊ. कोणत्या वस्तीचा, कोणत्या तारखेला, किती वाजता, आधी किती वेळ पाणी उपसून टाकलं, हे जागेवरच लिहायचं, घरी येऊन आठवून नाही. आमच्या एका गटाच्या सहा बाटल्या याच कारणानं टाकून द्याव्या लागल्या होत्या आणि मुलं दोन किलोमीटर परत चालत गेली. प्रयोगशाळेत नोकरीला ठेवताना नमुना कसा घेतला, कसा नोंदवला हेच आधी विचारतात. शिवाय याच नोंदी नीट मांडल्यास तर 'आविष्कार' या आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत नेता येतील. तिथे परीक्षकांसमोर उभं राहून आपलं काम समजावून सांगावं लागतं. मुलाखतीची याहून चांगली तालीम मला माहीत नाही.

एक गोष्ट मुलगी म्हणून सांगते. शिबिरात मुलींच्या वाट्याला रांगोळी, स्वागतगीत, औक्षण आणि भाकरी येतात. सूत्रसंचालन, खरेदी, सरपंचांशी बोलणं मुलांकडे जातं. मी स्वतः बाई असून पहिली दोन वर्षं हेच केलं. एका मुलीनं मला समारोपाच्या दिवशी विचारलं, "मॅडम, मी सात दिवसांत एकदाही गावात गेली नाही, मी काय लिहू अहवालात?" त्याचं वाईट मला आजही वाटतं. पुढच्या वर्षीपासून कामांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि स्वयंपाकाला मुलांचीही पाळी लावली. तुमच्याकडे असं नसेल तर पहिल्याच बैठकीत स्वतः काम मागून घे. मागितल्यावर नाही म्हणणारे शिक्षक थोडे असतात, बहुतेकांना ते सुचलेलंच नसतं.

बाबांबद्दल. त्यांची खरी काळजी नोकरीची आहे की सात रात्रींची, हे आईकडून जाणून घे. बापाला पोरीच्या मुक्कामाची काळजी वाटते, पण तो बोलतो नोकरीबद्दल, हे मी अनेकदा पाहिलं आहे. तसं असेल तर भांडू नको. मुली कुठे झोपणार, सोबत मुक्कामाला कोणत्या मॅडम आहेत, त्यांचा नंबर काय, हे लिहून घरी दे. मॅडमना फोन करायला सांग. मी दर वर्षी पाच-सहा वडिलांशी असं बोलत असे. आणि शिबिराच्या एखाद्या दिवशी त्यांना बोलवून घे, दत्तक गाव, म्हणजे कॉलेजनं रासेयोच्या कामासाठी घेतलेलं गाव, बहुतेक कॉलेजच्या आसपासच असतं.

काळजी खरंच पैशाची आणि वेचणीची असेल, तर ती मोठी आहे आणि तिला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. शेवटची वेचणी आणि शिबिर एकाच आठवड्यात आलं तर घरचं काम आधी. रासेयोचं नियमित काम वर्षाला १२० तासांचं, दोन वर्षांचं २४०, आणि ते दिवसा असतं. तेवढं करत राहा, शिबिर पुढच्या वर्षी कर. प्रमाणपत्राला शिबिर लागतं, पण तुला आधी काम हवंय, कागद नंतरही मिळेल. तुझी शेवटची गाडी पाचची असेल तर दुपारनंतरचे उपक्रम सोडावे लागतील, हेही आधीच सांगून ठेव. मधूनच गायब होणाऱ्या मुलीपेक्षा "मला साडेचारपर्यंतच जमेल" असं स्पष्ट सांगणाऱ्या मुलीवर जबाबदारी टाकायला मला कधी भीती वाटली नाही. प्रॅक्टिकल मात्र बुडवू नको. नापास विषयाची भरपाई कुठलंही शिबिर करत नाही.

शिबिराला गेलीस तर रोज रात्री अर्धं पान लिही. आज काय केलं, किती केलं, काय बिघडलं, ते कसं सावरलं, कोणाशी बोलावं लागलं. दोन वर्षांनी मुलाखतीला बसशील तेव्हा "मी रासेयोत सहभागी होते" एवढंच आठवेल, बाकी सगळं विसरलेलं असेल. वहीत असेल तर तू म्हणशील, "आमच्या गटानं गावातल्या २१ जागांचे पाण्याचे नमुने घेतले, नोंदवही माझ्याकडे होती, सहा नमुने चिठ्ठीच्या चुकीमुळे पुन्हा घेतले." आकडे तुझे स्वतःचे असतील ते टाक. असं वाक्य ऐकलं की समोरचा माणूस पुढचा प्रश्न विचारतो, आणि मुलाखतीत आपल्याला हवं असतं ते तेवढंच. चूक सांगायला घाबरू नको, ती कशी दुरुस्त केली ते मात्र लगेच पुढे सांग.

आणि तीन वर्षांत दहा ठिकाणी जाऊ नको. रासेयो घेतलंस तर दोन्ही वर्षं तेच धर. पहिल्या वर्षी एक काम, दुसऱ्या वर्षी त्याच कामासाठी नव्या मुलांना तयार करणं. वाटलंच तर सोबत एखादा खेळ किंवा नाटक, मनाला बरं वाटतं म्हणून.

सोमवारी कॉलेजला जाशील तेव्हा कार्यक्रम अधिकाऱ्यांना दोन गोष्टी विचार: दत्तक गाव कोणतं आहे आणि मुलींसोबत मुक्कामाला कोण आहे. मग सांग की किराण्याचा हिशोब किंवा पाण्याचे नमुने, यातलं एक काम मला द्या. काय ठरलं ते इथे कळव. गावाचं नाव लिहिलंस तर तिथल्या विहिरी-हातपंपांची यादी कशी करायची आणि नोंदवहीचे रकाने कसे आखायचे, ते मी तुला लिहून पाठवते.